एका माणसाला एकच तुकडा

लेकीने केकवर सुरी दाबली, तरी ती आत शिरेना. शेवटी दोन्ही हातांचा भार दिला तेव्हा कुठे कडकन एक तुकडा पडला. शाळेच्या हॉलच्या दारात उभ्या तपासनिसाच्या मनात पाल चुकचुकली.

हा गृहस्थ बसमध्ये तिकिटं तपासायचा. शेजारीपाजारी म्हणत, हा स्वतःच्या सावलीकडेही तिकीट मागेल. घरी लेक केक करायची तो कापसासारखा. शाळेच्या केकविक्रीला मात्र दर वर्षी वीट. विक्रीचे पैसे जायचे मुलांच्या दवाखान्याला. असल्या चांगल्या कामात कुणी असला माल खपवतं? काल तर तिने भाजून झालेला केक पुन्हा ओव्हनमध्ये सारला. विचारलं, तर "राहू दे ना, बाबा" म्हणून मोकळी झाली. बायकोही पाठ फिरवून भांडी विसळत राहिली. मायलेकींचं काहीतरी शिजत होतं, यात त्याला शंका नव्हती. म्हणून आज तो न सांगता इथे येऊन थडकला होता.

दाराशी बसलेल्या बाईंनी त्याला शाळेची जुनी रीत समजावली. एका माणसाला एकच तुकडा. मात्र तो संपेपर्यंत केक करणाऱ्याने गिऱ्हाइकासमोर बसून गप्पा मारायच्या. आलेल्या पाहुण्याला एकटं खाऊ द्यायचं नाही.

गप्पा! तपासनिसाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. म्हणजे कुणीतरी पोरगा असणार. त्याची कानशिलं तापली.

बाकीच्या टेबलांवर झुंबड उडाली होती. लोक दोन घासांत तुकडा संपवत, हात पुसत आणि उठत. लेकीच्या टेबलाकडे कुणी फिरकत नव्हतं. तिच्यासमोर एकच गिऱ्हाईक होतं, तेही खांबाआड. लेक त्याला काहीबाही सांगत होती, मध्येच हसत होती. घरी ती महिन्याभरात इतकं बोलत नसे. रंगेहाथ पकडायच्या तयारीने तपासनीस खांबाला वळसा घालून पुढे झाला.

खांबापलीकडे त्याची स्वतःची आई बसली होती.

ती धाकट्या भावाकडे राहायला गेली, तेव्हापासून त्याने तिचं तोंड पाहिलं नव्हतं. त्या घराची पायरी चढायची नाही, तिला आपल्या घरी बोलवायचं नाही, वाटेत दिसली तरी थांबायचं नाही, असं त्याने घरात सगळ्यांना बजावलं होतं. शाळेतल्या बाकाचं नाव घ्यायचं तेवढं राहून गेलं होतं. आई पार खंगली होती. कवळी सांभाळत ती केकचा एकेक कण चघळत होती. त्याला पाहताच तिचं तोंड हलायचं थांबलं.

तो लेकीकडे वळला. त्याला ओरडायचं होतं, पण तोंडून भलतंच निघालं.

"अगं, तिला कवळी आहे. इतका कडक कशाला केलास?"

लेकीने मान खाली घातली नाही.

"मऊ केला की लवकर संपतो, बाबा. मग आजीला उठावं लागतं."

आपण शिक्षा कुणाला केली आणि ती भोगतंय कोण, हे तपासनिसाला आत्ता दिसलं. आपलीच लाज वाटून त्याला रडू आलं आणि त्याने ते कसंबसं गिळलं. आईने बाकावर थोडं सरकून जागा केली.

तो बसला आणि त्याने एक तुकडा मागून घेतला. त्याचे बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत होते, तरी तो आईपेक्षाही सावकाश चावत राहिला.