आतल्या मशीनमधली दिवाळी

एकदाचं जमलं! पडद्याच्या मधोमध एक काळी चौकट उमटली आणि तिच्यात पांढरी अक्षरं सरसर वर चढायला लागली. कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा कॉम्प्युटर सुरू झाला होता. सुधाकरने टेबलावर थाप मारली, "आलं रे आलं!" म्हणून ओरडला आणि मागे वळून पाहिलं. मागे एसी तेवढा होता.

राखोलीच्या त्या सुताच्या कारखान्याला दसऱ्याची सुट्टी होती. कितीदा तरी बिघडून बिघडून जमलेली गोष्ट, आणि सांगायला माणूस नाही. पन्नाशीच्या गड्यालाही रडू यावं इतकं वाईट असतं ते.

तेवढ्यात दार ढकलून बारकू आला. बारकू साक्रीकडचा, कारखान्यातला फिटर. हातात ताट, ताटात झेंडूच्या माळा आणि कुंकू. सकाळपासून तो खात्यातली मशिनं पुजत फिरत होता.

"सायेब, तुमच्याकडं नवं मशीन बसलं म्हने. कुठंय?"

"हे काय."

"हे तं जुनंच हाये."

"नवं ह्याच्या आत आहे."

बारकूने कॉम्प्युटरच्या मागे जाऊन वाकून पाहिलं. "खोलून दाखवा बरं."

"खोलून नाही दिसायचं. खोटं मशीन आहे ते. त्याला मात्र वाटतं, आपण खरेच."

"आन ते आज चालू ठेवलं तुम्ही? दसऱ्याला मशीन चालवायचं नसतं, सायेब!"

"त्याच्यात आज दसरा नाहीच मुळी," सुधाकर म्हणाला. "त्याच्यात दोन हजार सालचा जानेवारी आहे." आणि तो हसला. कितीतरी दिवसांनी हसला असेल.

पगाराचा प्रोग्रॅम जुना होता. वर्षाचे शेवटचे दोनच आकडे ओळखायचा, त्यामुळे नव्याण्णव संपल्यावर काय गोंधळ घालेल याचा नेम नव्हता. पगाराच्या खऱ्या मशीनची तारीख पुढे ढकलून बघणं म्हणजे विषाची परीक्षा. म्हणून हे आतलं, खोटं मशीन. त्यात तो प्रोग्रॅम चालवणारं फॉक्सप्रो चढवायचं, प्रोग्रॅम दुरुस्त करायचा आणि तारीख पुढे नेऊन पगार काढून बघायचा. तो बरोबर निघाला तर दिवाळीची रजा मंजूर, असं मॅनेजर कल्पेशभाईंनी कबूल केलं होतं. मग सुधाकर कुडाळला जाणार होता, लीलाकडे. धाकट्या बहिणीवाचून त्याचं आता कुणी उरलं नव्हतं. संध्याकाळी तिला फोन करून येतो म्हणून सांगायचं, एवढं त्याने पक्कं ठरवलं होतं. कालच बारकूलाही तसं बोलला होता.

दुरुस्ती आणि बाकीची तयारी आधीच झाली होती. त्याने कळ दाबली. दोघेही पडद्याकडे बघत राहिले. जानेवारीचा पगार निघाला, अगदी बरोबर निघाला. बारकूला त्यातलं काही कळलं नाही, पण त्याने ताट खाली ठेवून टाळ्या वाजवल्या.

"म्हंजे ह्याच्यात दिवाळी होऊन बी गेली?"

"गेली की."

"मंग मी घरी गेल्तो का?"

पगार काढायचा तर मधल्या महिन्यांची हजेरी हवी. ती सुधाकरने मनानेच भरली होती. त्याने बारकूचं नाव काढलं. "गेला होतास. सगळी दिवाळी गावाला."

"सुनंदाला साडी नेल्ती?"

"बायकोच्या साडीचं मशीनला काय कळतंय, लेका!"

"आन तुम्ही कुठं होते?"

सुधाकरने स्वतःचं नाव काढलं. लक्ष्मीपूजनाला हजर. पाडव्याला हजर. भाऊबीजेला हजर.

"भाऊबीजेला बी कामावर?" बारकू म्हणाला. "कोनी भरलं हे?"

"मीच."

"कल्पेशभाईनी सांगितलं व्हतं?"

"नाही."

कुणीच सांगितलं नव्हतं. सगळ्या कारखान्याला त्याने हौसेने घरी धाडलं होतं आणि स्वतःपुढे सवयीने हजेरी लावून मोकळा झाला होता. त्याला लाज वाटली. भीतीही वाटली.

"बदला बरं ते आधी. सणाचं असं नसतं लिहायचं," बारकू म्हणाला. त्याने मॉनिटरच्या काचेला कुंकवाचं बोट लावलं आणि वर एक माळ घातली. "आन बहिनीला फोन करायचा तं आत्ताच करा. संध्याकाळ कशाला पाहिजे?"

बारकू गेल्यावर सुधाकरने हजेरी बदलली आणि ऑफिसातूनच कुडाळचा नंबर फिरवला.

"दादा!" लीला ओरडलीच. "अरे, आत्ताच तुझी आठवण काढली. आम्ही सगळी दिवाळीला पुण्याला चाललोय. आमच्या मनीषाने जागा घेतली ना तिथे. दोन खोल्या आहेत नुसत्या, त्यात तिचे सासू-सासरे, आम्ही कसेबसे मावू. पण पोरगी ऐकेना. तिकिटंसुद्धा काढली बघ."

"अरे वा," सुधाकर म्हणाला.

"तुला विचारणार होते, पण म्हटलं, दादा कुठला यायला! गेली कित्येक वर्षं भाऊबीजेला मी चंद्रालाच तर ओवाळतेय. तो काय, पुण्यालाही उगवेल." ती हसली. मग एकदम थांबली. "दादा, तू येणार नव्हतास ना रे?"

सुधाकरने रिसीव्हर या कानाचा त्या कानाला लावला.

"छे गं," तो म्हणाला. "दसरा ना आज? म्हटलं, फोनवरच सोनं द्यावं."