फेरीचा रस्ता

तपासणीच्या साहेबांची जीप वसाहतीत शिरली तेव्हा सोसायटीचा चेअरमन बाळासो जोतिबाचा धावा करत होता. फेरीचा रस्ता वापरात दिसला नाही, तर तो मोडून तिथं प्लॉट पाडायचे, असं वरून आलं होतं.

रस्ता म्हणजे बाळासोचा जीव. अडुसष्ट सालच्या फ्लूच्या साथीत तालमी बंद पडल्या आणि गडी घरात बसून फुगायला लागले. मग बाळासोनं नव्या वसाहतीचा नकाशाच बदलला. घरांभोवती गोल रस्ता काढला आणि बाबालाल गवळ्याची म्हैस पार पलीकडच्या टोकाला बांधायला लावली. नुसतं चाल म्हटलं तर कोल्हापूरकर उंबरा ओलांडणार नाही. पण समोर धार काढलेल्या फेसाळ दुधासाठी तो पन्हाळाही चढेल, असा त्याचा होरा.

होरा चुकला, आणि चुकवला त्यानंच. एका सकाळी गुडघा कुरकुरला म्हणून त्यानं बाबालालला निरोप धाडला, आजच्या दिवस म्हैस इकडं आण. चेअरमनच्या दारात म्हैस आली म्हटल्यावर शेजारच्या गुंडूआण्णांचा गुडघा धरला. बघता बघता अख्ख्या वसाहतीचे गुडघे गेले. म्हैस दोन्ही वेळ दारोदार फिरू लागली आणि गडी आपापल्या पायरीवर पेला घेऊन बसू लागले.

साहेब मात्र रस्ता बघून खूश झाले. गवताचं पातं नाही, माती कशी घट्ट तुडवलेली. बाळासोच्या जिवात जीव आला. तेवढ्यात वळणावरून बाबालाल म्हैस हाकत आला. साहेबांनी त्यालाच विचारलं, इथं रोज किती लोक चालतात?

बाळासोनं डोळ्यांनी खुणावून पाहिलं. पण दूध निम्म्यावर आल्यानं बाबालाल आधीच पेटला होता.

"माणूस एक बी न्हाय साहेब. मी आन् ही म्हस. चालून चालून दूध आटलं हिचं. अंगानं मातर बघा, तालमीतल्या पोरावानी झालीया."

धरणीनं पोटात घ्यावं असं बाळासोला झालं. साहेबांनी म्हशीच्या सपाट पोटावरून हात फिरवला. मग पायरीपायरीवरची पोटं निरखली. बाळासोच्याच दारातल्या खुर्चीत टेकले, भरला पेला हातात घेतला आणि मिशीचा फेस पुसत म्हणाले,

"रस्ता राहू द्या. गुण येतोय. पुढच्या टप्प्यात माणसं घेऊ."