काटा सांगलीवरच

"वायर नको म्हणून किती बारी सांगू रं?" धोंडिरामतात्यांनी वायरचं भेंडोळं पायानंच बाजूला सारलं. "बिनवायरीचं जमतंय का, तेवढं बोल."

त्यांच्या घरी आलेल्या हाफिजनं कपाळाला हात लावला. रहिमतपुरात रेडिओ बिघडला की लोक आधी त्याला दोन थपडा मारून बघत आणि मगच हाफिजच्या दुकानात आणत. असल्या मार खाल्लेल्या रेडिओंना जीव देण्यात त्याची वीस वर्षं गेली होती. पण रेकॉर्ड प्लेअर एका खोलीत आणि आवाज दुसऱ्या खोलीतल्या रेडिओतून, तोही वायरीशिवाय, असलं मागणं आजवर कुणी घातलं नव्हतं.

"जमतंय की," तो म्हणाला. "पन वायरीनं धा मिनटांचं काम हाय, तात्या. उगंच कशाला डोक्याला ताप?"

"घरातलं मानूस आजारी हाय. पार टोकाच्या खोलीत पडून असतंय." तात्या खाली बघत बोलत होते. "डॉक्टरनं हात टेकल्यात. जायच्या आत आप्पांचा आवाज एकदा कानावर पडावा, बास."

तात्यांची बायको भामाबाई बरेच दिवस बाजारात दिसली नव्हती खरी. आल्यागेल्याला चहा पाजल्याशिवाय न सोडणारी बाई. त्याला मनापासून वाईट वाटलं. त्यानं पिशवीतून पकड काढली.

आप्पा म्हणजे तात्यांचे वडील. ते गावोगाव भीमगीतांचे जलसे करत. एकदा मुंबईला जाऊन त्यांनी एक रेकॉर्ड भरली होती. तेवढी एकच. आप्पा गेले आणि दोन्ही भावांची वाटणी निघाली. रान झालं, म्हशी झाल्या, भांडीकुंडी झाली, आणि गाडी या रेकॉर्डपाशी येऊन अडली. एका तबकडीचे दोन भाग करणार कसे? थोरल्या तात्यांनी ती उचलली. धाकटा आकाराम पंचांसमोर म्हणाला, "पुन्यांदा ही तुझ्याकडं मागितली तर नावाचा आकाराम न्हाई." तात्या म्हणाले, "मागितल्याबिगर मी बी द्यायचा न्हाई." अंगणात छातीएवढी भिंत उभी राहिली. याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून एकानं दुसऱ्याचा उंबरा ओलांडला नव्हता.

म्हणूनच तात्यांना रेकॉर्ड मोठ्यानं वाजवायला नको असणार, हाफिजनं ताडलं. उगाच भिंतीपलीकडं भावाला ऐकू जायची! बापाचा आवाजसुद्धा फुकट जाऊ द्यायचा नाही. बायको शेवटच्या घटका मोजतेय आणि म्हाताऱ्याची खुमखुमी काही जात नाही. हाफिजला मनातून रागच आला, पण काम भामाबाईचं होतं.

साबणाच्या डबीत मावेल एवढाच तो जुगाड होता. जुन्या रेडिओतली एक कॉइल, एक ट्रान्झिस्टर आणि चौकोनी बॅटरी. रेकॉर्ड प्लेअरच्या तारा त्यानं डबीला जोडल्या आणि डबीची एक तार खिडकीच्या गजाला गुंडाळली.

"एफएमवर सोडू का? आवाज लय साफ येतो."

"रेडिओ जुना हाय, मीडियम वेव्हचा. दिसभर चालूच असतुया, काटा सांगलीवर. तितंच सोड."

"तितं आकाशवाणीचं सांगली केंद्र बोलत असतंय की!"

"दुपारची सभा संपली की गप होतंय. तवा सोड."

"त्यापरीस काटाच जरा बाजूला घ्या."

"काटा हलनार न्हाई."

"आतली दोरी तुटली आसंल. आना इकडं, आत्ता बशिवतो."

"नको." तात्या तुटक बोलले. "हाय तसा ऱ्हाऊ दे."

मग जरा घुटमळून त्यांनी विचारलं, "हे किती लांब जाईल?"

हाफिज कसंनुसं हसला. "भ्याऊ नगा. बेतानंच ठेवलंय. भिंतीपलीकडं जायचं न्हाई."

"वाईच वाढीव," तात्या म्हणाले. "खोली टोकाला हाय."

सांगली केंद्राची दुपारची सभा संपली. हाफिजनं खिशातून काढून तळहातावर धरलेल्या छोट्या रेडिओतून नुसती खरखर येऊ लागली. तात्यांनी धोतराच्या सोग्यानं रेकॉर्ड पुसली आणि तिच्यावर सुई टेकवली. हाफिज डबीतला स्क्रू हळूहळू फिरवत गेला. एकाएकी खरखर विरली आणि आप्पांचा पहाडी आवाज त्याच्या तळहातावर गाऊ लागला. हाफिजच्या अंगावर काटा आला. लहानपणी चावडीपुढं बसून हाच आवाज त्यानं ऐकला होता.

तेवढ्यात अंगणात धप्पकन वैरणीचा भारा पडला. पदरानं घाम पुसत भामाबाई दारात उभी राहिली.

"आवं हाफिजभाऊ, कवा आलासा?"

हाफिज बघतच राहिला. "मावशी, तुमी... तुमाला बरं न्हाई न्हवं?"

"मला काय धाड भरलीया? पंधरा दिस झालं, रानातनं सवड कुठाय..." बोलता बोलता ती थबकली आणि तिची मान अंगणाकडं वळली.

हाफिजनंही ऐकलं. आप्पा पलीकडंही गात होते. भिंतीच्या पार त्या टोकाला, चांगले मोठ्यानं.

"तात्या, भिंतीपलीकडं गेलं की वं! थांबा, कमी करतो. तुमचा रेडिओ आना, तेवढ्यापुरतंच ठेवतो."

त्यानं डबीकडं हात नेला. तात्यांनी त्याचं मनगट घट्ट धरलं. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी पांढऱ्या दाढीत उतरत होतं.

"माझ्याकडं रेडिओ कुठला, गड्या? वाटनीत त्यो आकारामकडं गेला."