पाहुण्यांच्या डब्यातलं बिस्कीट

"पुन्हा रिच टी बिस्कीट?" विनिफ्रेडने नाक मुरडलं. "अरे, हे चहात घातलं की बुडालंच. तळाशी नुसता लगदा. चहा प्यायचा की पेज?"

"दोनच प्रकार होते, आई. हे आणि कस्टर्ड क्रीम. दोन्ही आणलीत." गार्थने कागदी ताटली पुढे सरकवली.

तुरुंगाच्या भेटीच्या हॉलमध्ये चहा आणायचं काम गार्थचं, आणि नावं ठेवायचं विनिफ्रेडचं. ती जागची हलत नसे. दर शनिवारी केस नीट बसवून, फिकट जांभळा स्वेटर घालून ती ताठ बसे, चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसावं तशी. समोर गार्थ. तुळतुळीत डोकं, मानेवर गोंदलेला गरुड. कोपऱ्यातल्या पहारेकऱ्याची नजर त्या गरुडावरून हटत नव्हती.

"चहाबरोबर आल्याचं कडक जिंजर नटच हवं," ती म्हणाली. "खुशाल बुडवा, मोडणार नाही."

"दात मोडतात त्याचं काय? बाबा खायचे तेव्हा कुत्रा हाड फोडतोय असं वाटायचं."

विनिफ्रेडला हसू फुटलं. लगेच तिने आजूबाजूला पाहिलं आणि तोंड मिटलं. इथे हसणं बरं दिसत नाही, असं तिला वाटे.

गार्थने कस्टर्ड क्रीमची दोन शकलं केली आणि आतलं क्रीम दातांनी खरवडलं.

"शी! चाळिशीला आलास."

"माझी टिलीही असंच खाते. जॅमचं बिस्कीट असलं की आधी मधला जॅम. बाकीचं कुत्र्याला."

"माहितीये मला, कशी खाते ते."

शेजारच्या टेबलावर एक तान्हं मूल रडत होतं.

"आई," गार्थ हळूच म्हणाला, "टिलीला एकदा इथे येऊ दे."

विनिफ्रेडने कप खाली ठेवला. "नाही."

"फक्त एकदा."

"नाही म्हटलं ना! दारू पिऊन गाडी चालवायची, शेजारच्या माणसाला कायमचं लंगडं करायचं, आणि वर पोरीला काय दाखवायचं? हे टेबल? हे पहारेकरी?"

"थ्वेटकाका आता म्हणतात की..."

"त्यांचं नाव काढू नकोस इथे."

गार्थची मान खाली गेली. त्याचे कान लाल झाले होते. विनिफ्रेडलाही लाज वाटत होती. लाजेची तिला सवय होईल असं इथले लोक म्हणाले होते. तसं काही झालं नव्हतं. दर शनिवारी या हॉलमध्ये पाऊल टाकताना, गावातलं कुणी ओळखीचं तर नाही ना, हेच ती आधी बघे. आयुष्यभर चर्चमधली फुलं मांडणारी बाई, आणि आज इथे.

टिलीला सांगितलं होतं, स्पेन. शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही स्पेनच. तिथे ऊन असतं, माणसं महिनोन्‌महिने राहतात, कुणी फारशा चौकशा करत नाही. थ्वेटांच्या घरी तेवढं खरं ठाऊक होतं, आणि त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं. त्याची तर तिला सगळ्यात जास्त लाज वाटे.

"ती स्पेनवर समाधानी आहे," विनिफ्रेड म्हणाली. "राहू दे तसंच."

"नाहीये समाधानी." गार्थने ताटलीतला चुरा बोटाने गोळा केला. "पाहुण्यांचा डबा आठवतो तुला? त्यातलं शेवटचं बिस्कीट तिने खाल्लं होतं."

"हो. मीच ओरडले होते. शेवटचं बिस्कीट विचारल्याशिवाय कुणी उचलतं का?"

"त्यानंतर लगेच स्पेन. तिने सरळ हिशेब लावलाय. आपण ते बिस्कीट खाल्लं, म्हणून घरातलं माणूस निघून गेलं."

विनिफ्रेडने कप उचलला आणि न पिताच परत ठेवला.

"आता कुणाच्याही घरी बिस्कीट पुढे केलं की हात मागे बांधून उभी राहते. 'नको, थँक यू.' तिच्या वाढदिवसालाही खाल्लं नाही. काल मला म्हणाली, मी पूर्ण डबा भरून ठेवला तर चालेल का?"

"अरे देवा," विनिफ्रेड पुटपुटली. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. आपली लाज झाकायला निघालो, आणि ती जाऊन बसली त्या एवढ्याशा पोरीच्या डोक्यावर.

ताटलीत एकच बिस्कीट उरलं होतं. दोघांपैकी कुणीही त्याला हात लावत नव्हतं.

"सगळं सांगायचं तिला," ती शेवटी म्हणाली. "दारूचं, गाडीचं, थ्वेटांच्या पायाचं. बिस्किटाचा काही संबंध नव्हता, हेही. समोर बसवून सांगायचं."

"मग शनिवारी?"

"येऊ दे तिला."

घंटा वाजली. खुर्च्या सरकल्या. गार्थने वाकून आईच्या कपाळावर ओठ टेकले आणि क्षणभर तसाच राहिला. मग तो बाहेरच्या दाराकडच्या रांगेत जाऊन उभा राहिला, भेटायला येणाऱ्यांच्या कपाटातून आपला कोट आणि गाडीच्या किल्ल्या घेतल्या, आणि मागे वळून हात हलवत रस्त्यावर निघून गेला. दार बंद झाल्यावर पहारेकरणीने आतलं जाळीचं दार उघडलं आणि विनिफ्रेडला हाक मारली, "चला, प्रिडमोरबाई, आधी झडती, मग कोठडीत."