आपोआप पेटणारी शेगडी

बोस्नियातल्या डोंगरगावात एकटे राहणारे हमदिया आणि साराएव्होत राहणारी त्यांची लेक सेनिया यांचं लाकडाच्या शेगडीवरून रोज फोनवर वाजायचं.

"एवढीशी तुमची खोली! ती उबदार ठेवायला या वयात कुऱ्हाड चालवायची?"

"मी आणि कुऱ्हाड, दोघंही बोथट. आमचं जमतं. आणि शेगडी पेटवायची असते, म्हणून तर सकाळी उठतो, पोरी."

सेनियानं शेवटी पेलेटची शेगडी बसवलीच. भुशाच्या त्या गोळ्या तिनं टाकीत काठोकाठ भरल्या आणि घड्याळ लावून दिलं. "आता पहाटे ती आपोआप पेटेल. तुम्ही खुशाल झोपा." बाबा कुऱ्हाड उचलून अंगणात निघून गेले.

निघताना समोरच्या रझियाकाकूंना ती म्हणाली, "काकू, बाबांवर लक्ष असू द्या हं."

"सांगायला लागतं का? डोळे उघडले की आधी त्याचं धुराडं बघते, मग कॉफी ठेवते. आज का नवीन आहे ते?"

पुढच्या आठवड्यात बाबा फोन उचलेनात. शेगडीवरून रुसले असतील, म्हणून सेनियानंही ताणून धरलं. शेवटी राहवेना, तेव्हा गाडी काढून आली. खोली छान उबदार होती. बाबा अंथरुणातच होते. जाऊन दोन दिवस झाले होते.

"काकू, एकदा तरी डोकावायचं होतं हो!" ती किंचाळली.

रझियाकाकूंनी डोक्यावरचा रुमाल तोंडाशी धरला.

"अगं, धूर रोज वेळेवर निघत होता."