सीलबंद यादी

वेल्डरने दाराला आतून कडी घातली आणि औषधवाल्याचं डोकं लोखंडी कपाटावर आपटलं.

"यादी काढ."

औषधवाल्याच्या भुवईतून रक्ताची धार लागली. रुग्णालयाच्या तळघरातल्या या खोलीकडे दुपारच्या सुट्टीत कुणी फिरकत नाही, हे वेल्डरने आठवडाभर हेरून ठेवलं होतं.

त्याच्या बायकोच्या घशात गाठ होती. किरणं देण्याआधी तिला रोज एक कॅप्सूल मिळे. कुठल्याशा झाडाच्या मुळांचा अर्क. त्याने गाठ हळवी होते, मग किरणांपुढे तग धरत नाही, असा डॉक्टरांचा होरा होता. पण अजून चाचणीच चालली होती. अर्ध्या रोग्यांना अर्क, अर्ध्यांना नुसती पिठी. कुणाला काय, ते डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं; ती यादी सीलबंद पाकिटात, औषधवाल्याच्या कपाटात होती. शेजारच्या खाटेवरची बाई जेवायला लागली होती. त्याच्या बायकोला घोटभर पाणी उतरेना, मान तेवढी भाजून काळी पडली होती.

"पीठ चारताय तिला तुम्ही!"

"मला खरंच माहीत नाही. पाकीट फोडलं तर चाचणी बुडाली. दीडशे माणसं आहेत, दादा."

'दादा' ऐकून वेल्डरचं टाळकंच सरकलं. त्याने औषधवाल्याचा हात टेबलाच्या खणात दाबला आणि लाथेने खण मिटला. बोटं कडाडली. औषधवाला किंचाळला, पण मान आडवीच हलवत राहिला. वेल्डरने खण उघडला, पुन्हा मिटला. मग बरगडीत लाथ. मग आणखी एक.

शेवटी औषधवाल्याने डाव्या हाताने कपाटाची किल्ली पुढे केली.

"तिचीच ओळ वाचा," तो रक्त थुंकत म्हणाला. "पुढचं वाचू नका. पाया पडतो."

वेल्डरने कपाट उघडून पाकीट दातांनी फाडलं.

"एक्केचाळीस," बायकोच्या नंबरावर त्याचं बोट थांबलं. "अर्क."

तो कागदाकडे बघतच राहिला. पहिल्या दिवसापासून तिला खरं औषधच मिळत होतं. आपली ओळ तर चुकली नाही ना, म्हणून त्याने खालची मोठ्याने वाचली.

"बेचाळीस. पिठी."

तो खाली बसला. औषधवाला कण्हायचाही थांबला होता.

"दोन महिने किल्ली माझ्याच खिशात होती," तो म्हणाला. "बेचाळीस नंबर माझी पोर आहे."