सुग्राबीची दाढ

"इथं सुई टोचायची, मग हिरडी चिरायची, दाढेचे दोन तुकडे करायचे आणि एकेक मूळ वर काढायचं," प्लास्टरच्या जबड्यावर बोट फिरवत डॉक्टर म्हणाला. "समजलं ना, मावशी? समजलं की भीती जाते."

सुग्राबीला सगळं समजलं होतं, आणि म्हणूनच तिचे हातपाय गार पडले होते. दारव्ह्यात तीस वर्षं सुईणपण केलेली बाई. अडलेल्या बाळंतिणींना धीर द्यायला लोक तिलाच बोलवायचे. पण तिचा भाऊ दाढ उपटून घेतल्यावर आठव्या दिवशी तापानं गेला होता. न्हाव्यानं उपटली होती ती. आता तिचा स्वतःचा गाल सुजला होता. पाच दिवस पोटात पेजेशिवाय काही नाही. महाराष्ट्र राज्य झालं त्याच साली यवतमाळला दातांचा हा नवा दवाखाना उघडला, असं कळलं म्हणून ती एसटीनं आली होती.

डॉक्टर पुन्हा पहिल्यापासून सांगू लागला. सुई, हिरडी, मूळ. तिसऱ्या खेपेला त्याचं बोट खालची दाढ सोडून वरच्या दाढेवर गेलं. सुग्राबीनं त्याच्याकडे नीट पाहिलं. कपाळावर घाम, ओठ कोरडे.

"डाक्टर, खरं सांगा. आजवर किती दाढा काढल्या अशा?"

तो दाराकडे बघत हळूच म्हणाला, "कॉलेजात सर शेजारी असायचे. एकट्यानं ही पहिलीच."

सुग्राबी खुर्चीतून उतरली. चपला पायात सरकवल्या. दारापर्यंत गेली आणि थांबली. एकटीनं केलेलं पहिलं बाळंतपण तिला आठवलं. तेव्हा तीही अशीच अखंड बोलत सुटली होती, आणि ते बोलणं काही बाळंतिणीसाठी नव्हतं.

ती परत येऊन बसली.

"बेटा, मले सांगणं पुरे झालं. आता माह्यं आयक. हात धू, दम घे, अन् घाई करू नोको."

पाऊण तास लागला. दाढ दोन्ही मुळांसकट निघाली. डॉक्टरनं ती ताटलीत टाकली आणि स्वतःच मटकन स्टुलावर बसला.

बाहेर बाकावर हरिसिंग नावाचा तांड्यावरचा एक धिप्पाड गडी गालाला फडकं बांधून बसला होता. तिला पाहताच तो अर्धा उठला.

"बाई, कसा हाय वो डाक्टर? लयच नवा दिसते."

सुग्राबीनं तोंडातला कापूस एका बाजूला सारला.

"जा बिनघोर," ती म्हणाली. "हजार दाढा काढल्या त्यानं."